उजवा तीन, डावा दोन

६ जानेवारी, सोमवार

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपाची नोंद ठेवा. किती वाजता येतो, किती वेळ राहतो, कोणत्या हाताला येतो. त्यांच्यासमोर बाबांचा एकही हात हलला नाही. आत गेल्यागेल्या बाबा दोन्ही हात काखेत घालून बसले ते थेट बाहेर येईपर्यंत. चौऱ्यांशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर मास्तर, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, आणि हात मात्र छडीच्या भीतीनं लपवावेत तसे लपवलेले. मलाच लाज वाटली.

म्हणून ही वही. उपकेंद्रात एकवीस रजिस्टरं मी भरते, हे बाविसावं. गावात मला सगळे सिस्टर म्हणतात आणि मोजणं हा माझा धंदा आहे. गरोदर बाईची नाडी, तान्ह्या लेकराचा श्वास, घड्याळ हातात धरून मिनिटाला किती ते सांगायचं. सत्तेचाळीस वर्षांत दुसरं काही धड जमलं नाही. संसार केला तो तीन वर्षांत मोडला. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी.

नोंद: सकाळी ८.१०, चहानंतर. साडेतीन मिनिटं. डावा हात कोपरात वाकवून छातीशी आखडलेला, त्याची नुसती बोटं हलतात. उजवा मांडीवर, जोरात. उजवा तीन, डावा दोन, थांबा. उजवा एक, डावा दोन, थांबा. परत तेच.

डाव्या हाताची अकड वाढते आहे असं दिसतं.

१२ जानेवारी, रविवार

लिलाबाई आल्या होत्या. विहारात बायकांचं गाण्याचं पथक आहे, त्याच्या त्या पुढारी. त्यांचा ढोलकीवाला रविकांत चाकणला कंपनीत लागला आणि जयंती तीन महिन्यांवर आली.

"सिस्टर, तुमी शिका ढोलकी."

"मी काहून? मले काय येते?"

"तुमाले मोजता येते. आमाले कोनाले येते? मानसं ऐन टायमाले दगा देतात. आपली बाई असली तं कुठी पळते?"

मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही, इथे लिहिते. मी सात वर्षांची असताना पिठाच्या रिकाम्या डब्यावर दोन काड्या घेऊन वाजवत होते. बाबा शाळेतून आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा. मग माझ्या हातात पुस्तक दिलं आणि स्वतः जेवले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात थाळीसुद्धा कुणी वाजवली नाही. वरातीत बँड सुरू झाला की बाबा मागे राहतात. त्यांना गोंगाट सोसत नाही.

तरी लिलाबाई गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी नुसती उभी होते. कुणी मला काही शिका म्हणून सांगायला आलं, याला किती वर्षं झाली असतील.

नोंद: दुपारी ४.०५. दोन मिनिटं. तेच.

१९ जानेवारी, रविवार

शेलूबाजारला गेले. जीप थांबतात तिथं मागच्या बोळीत लालसिंगचं दुकान आहे. तांड्यातला माणूस, साठीचा. ढोलक्या मढवतो आणि शिकवतोही. एका डोळ्यात मोतीबिंदू. आधी मी त्याला ऑपरेशनचं सांगितलं, मग माझं काम.

त्यानं ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली आणि आठ मात्रांचा साधा ठेका दाखवला. मी तोंडानं एक दोन तीन चार म्हणत हात मारू लागले. तो पाहत राहिला.

"शिस्टर, तुमी वाजवून राह्यल्या का इंजेक्शन देऊन राह्यल्या?"

"मोजल्याशिवाय कसं जमन?"

"मोजनं सोडा. कानानं घ्या. हात आपोआप जातो."

माझा काही आपोआप गेला नाही. पण घरी येताना जीपमध्ये मी आपली बोटं पिशवीवर हलताना पाहिली आणि घाईनं मूठ मिटली. समोरची बाई म्हणेल, सिस्टरलाही बापाचा रोग लागला.

ठरवलं, महिनाभर पाहायचं. नाही जमलं तर सोडून द्यायचं. बुधवार आणि रविवार. बाबांना मीटिंग आहे म्हणून सांगायचं.

२९ जानेवारी, बुधवार

बाबा दुपारी पडले की ओट्यावर सराव करते. खाली टॉवेल घालते, आवाज फुटू नये म्हणून.

एक गोष्ट ध्यानात आली. मी सराव करते त्या दिवशी बाबांचा कंप जास्त. आज तीन वेळा आला, एकदा तर नऊ मिनिटं. भिंतीपलीकडूनही त्यांना त्रास होत असावा. खेड्यातल्या वयस्कर माणसांना आवाजानं असं होतं हे मी पाहिलं आहे. टॉवेलाची आणखी एक घडी वाढवली.

नोंद: ३.१५ ते ३.२४. उजवा तीन, डावा दोन, थांबा. उजवा एक, डावा दोन, थांबा. मग जलद. शेवटी दोन्ही एकदम, एकच. तोंडाला घाम.

२ फेब्रुवारी, रविवार

सराव करताना मागे वळून पाहिलं तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"काय करून राह्यली?"

"काही नाही बाबा. दाळ निवडून राह्यली."

ओट्यावर डाळीचा दाणा नव्हता. बाबांनी ओट्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि भिंतीला धरत परत गेले. मी पाणी घेऊन गेले तर दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हल्ली डोळे कोरडे पडून चुरचुरतात त्यांचे. उद्यापासून ड्रॉप सुरू करायचे, दिवसातून तीन वेळा.

लालसिंग म्हणतो, माझा हात जड आहे. सोडून द्यावं असं आज फार वाटलं. बापाशी खोटं बोलून शिकायचं, तेही येत नाही.

नोंद: तेच.

९ फेब्रुवारी, रविवार

उद्या अकोला. डॉक्टरांना ही वही कशी दाखवणार, हिच्यात माझं खासगी किती काय काय आहे. म्हणून दुपारभर बसून स्वच्छ तक्ता काढला. लाल पट्ट्या, चार रकाने: तारीख, वेळ, कोणता हात, किती मिनिटं. उजवा तीन, डावा दोन हे लिहायला रकाना उरला नाही. त्याची गरजही नाही, डॉक्टरांना फापटपसारा आवडत नाही.

तक्ता इतका देखणा झाला की तालुक्याच्या साहेबांना दाखवावा.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर तक्ता पाहून म्हणाले, "असे सगळे नातेवाईक असते तर!" मला बरं वाटलं. त्यांनी विचारलं, "हात सारखा हलतो, का थांबून थांबून?" मी म्हटलं, सारखाच. मधला थांबा मोजला तर एक सेकंदही नाही, तो काय सांगायचा. बाबांनी याही वेळी हात काखेतून काढले नाहीत. डॉक्टर म्हणाले, एक गोळी देऊन पाहू, जरा सुस्ती येईल.

येताना एसटीत बाबांनी विचारलं, "मले काय झालं रूपा?"

"काही नाही बाबा. हात थरथरतात थोडे."

"कोनाचे?"

१६ फेब्रुवारी, रविवार

नोंद: दिवसभरात एकदा. एक मिनिट. फक्त उजवा.

गोळी लागू पडली. बाबा दिवसाही झोपतात. जेवण थोडं कमी आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

नोंद: शून्य.

आजचा सलग चौथा दिवस. शून्य लिहिताना किती बरं वाटतं. गावात कुणाला ताप नाही, कुणी बाळंतपणात दगावलं नाही, अशा महिन्याला रजिस्टरात शून्य लिहितो तसं. आज भर दुपारी मोकळेपणानं सराव केला, टॉवेल न घालता. बाबांना काहीच झालं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होते.

लालसिंग पहिल्यांदाच म्हणाला, "आता थोडं वाजोते."

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाबा खाटेवर बसून आपले हात मांडीवर उताणे ठेवून पाहत होते. मी विचारलं, काय पाहता?

"हात मेले माय."

"मेले नाही बाबा, बरे झाले. थरथर गेली."

"थरथर?" ते म्हणाले. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे. रात्रीची भाकरी तशीच राहिली.

नोंद: शून्य.

१४ मार्च, शुक्रवार

हे कसं लिहू कळत नाही. क्रमानं लिहिते.

आज धुळवडीची सुट्टी. लालसिंगचं दुकान बंद, त्यानं तांड्यातच बोलावलं होतं. माणसं गात होती. लालसिंगनं खुंटीवरचा डफ काढला, माझ्याकडे पाहून हसला, आणि डफ छातीशी धरला. डावा हात कोपरात वाकला. त्याची नुसती बोटं कडेवर हलू लागली. उजव्या हातात काडी, ती जोरात.

मी उभीच राहिले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत अशी अकड मी कधी कुठल्या रोग्यात पाहिली नव्हती, आणि घरी रोज पाहत होते.

गाणं संपल्यावर मी पिशवीतून ही वही काढली. लालसिंगला म्हटलं, मी वाचते, तुम्ही वाजवा. उजवा तीन, डावा दोन, थांबा. उजवा एक, डावा दोन, थांबा. मग जलद, शेवटी दोन्ही एकदम. त्यानं दोनदा चाचपडत वाजवलं. तिसऱ्यांदा हात बसला आणि चौथ्यांदा तो मधेच थांबला.

"हे कुठून आनलं शिस्टर?"

"काहून?"

"हे आमचं नाही. हे तुमच्या लोकाइचं, पुरानं. डफड्यावरचं. लहानपनी आयकलं मी, मयत निंघे तं पुढं वाजवत. आता कोनालेच येत नाही. कोन वाजवते हे?"

"कोनी नाही," मी म्हटलं. तोच खरा जबाब होता. सोळा दिवसांपूर्वीचं पान उघडं होतं आणि त्यावर माझ्या हातचं शून्य होतं.

१५ मार्च, शनिवार

भागिरथा आजीकडे गेले. वस्तीत बाबांहून मोठ्या तेवढ्या एकट्याच. मी विचारलं, आजी, बाबा डफडं वाजवत होते का?

आजी आधी दाराकडे पाहत राहिली. "तुले कोनं सांगतलं? त्यानं सांगतलं?"

"त्याइच्या हातानं सांगतलं."

"शेषा ना, तुहा बाप? बाप्पा, त्याच्यासारखं कोनी वाजवेच नाही. मी नवी नवरी होतो तवाची गोठ. एवढंसं पोरगं, डफडं त्याहून मोठं. तो वाजवे तं चालनारं मानूस थांबे. मंग छप्पनमंधी तुह्या आजानं धम्म घेतला. नागपूरहून आले अन म्हने, आता कोनाच्या दारात वाजवाचं नाही. कोनाचं मेलं ढोर ओढाचं नाही. पंधरा दिवसांत गावात एक मोठं मयत झालं. बलावनं आलं. तुहा आजा म्हने, नाही येत. ते म्हने, तू नोको येऊ, पोरगं पाठव."

"मंग?"

"मंग तुह्या आजानं चूल पेटवली अंगनात. पोराले म्हने, तुह्याच हातानं टाक. त्यानं टाकलं. रडला नाही. कातडं जळेपर्यंत हात काखेत घालून उभा राह्यला. तीन मयने आपल्या लोकाइले गावात किराना भेटला नाही, पन कोनी वाजवाले गेलं नाही."

आजीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "चांगलंच केलं वं माय त्याइनं. नाही तं तू सिस्टर झाली असती का? पन पोराचा जीव होता त्याच्यात."

घरी येऊन ओट्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी एकोणसत्तर वर्षं हात आवरले. म्हातारपणी सगळं विसरत गेले, बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा पाठ होत्या त्याही अडखळू लागल्या, आणि फक्त हातांना आठवलं. ते मी गोळी देऊन थांबवलं. त्याचा तक्ता केला, लाल पट्ट्या मारून.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोळी एकदम नका सोडू, अर्धी करा, आठवड्यानं पाव, मग बंद. त्यांची चूक नाही. त्यांनी विचारलं होतं.

२४ मार्च, सोमवार

नोंद: शून्य.

मी रोज ओट्यावर वाजवते. भिंतीला कान लावते. पलीकडे काही नाही.

३० मार्च, रविवार

लालसिंगकडून ढोलकी घरी आणली. उघड, अंगणातून, सगळ्यांच्या देखत. बाबांच्या खाटेजवळ बसले आणि मांडीवर घेतली. म्हटलं, बाबा, मी शिकून राह्यली. दाळ नोती निवडत त्या दिवशी.

"मले मालूम होतं," बाबा म्हणाले.

मी वाट पाहिली. चिडतील वाटलं, चिडले असते तरी चाललं असतं.

"कोनाच्या दारात वाजवाची आहे?"

"आपल्या विहारात बाबा. जयंतीले. आपल्या बाया गातात."

"बलावनं कोनाचं?"

"आपलंच."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा उजवा हात उचलून ढोलकीच्या चामड्यावर ठेवला. हात तिथं पडून राहिला, हलका, कोमट. मी फार वेळ धरून बसले. एकदा वाटलं करंगळी हलली. ती माझीच नाडी होती, त्यांच्या मनगटावर धरलेल्या माझ्या अंगठ्यातली. ही चूक आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात, नाडी अंगठ्यानं पाहायची नाही म्हणून.

नोंद करत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

परवापासून छातीत कफ होता. वाशिमला न्यायचं म्हटलं तर बाबांनी मान हलवली. सकाळी श्वास मोजला, मिनिटाला छत्तीस. नंतर अठ्ठावीस. नंतर चौदा. लिलाबाई म्हणाल्या, सिस्टर, घड्याळ ठेवा खाली. मी ठेवलं नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी मोजायला काही उरलं नाही.

हात सरळ करताना डावा कोपरात वाकलेलाच राहत होता. मी दोनदा सरळ केला. मग तसाच छातीशी राहू दिला.

वंदना झाली. सगळे शांतपणे चालले, पुढे काही वाजलं नाही. तसंच व्हायला हवं होतं. बाबांनी स्वतःच्या हातानं ते बंद केलं होतं. मी मागे चालत होते आणि माझ्या बोटांना सगळं येत होतं. मी हात काखेत घातले.

१४ एप्रिल, सोमवार

वाजवली. सात गाणी. तिसऱ्यात चुकले, लिलाबाईंनी गाता गाता डोळे वटारले, मग सावरलं. लोक म्हणाले चांगलं झालं. पुढच्या रांगेत बाबांची नेहमीची खुर्ची कुणीतरी तशीच रिकामी ठेवली होती. मी तिकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तिसऱ्यानंतरची चारही गेली असती.

२० एप्रिल, रविवार

शिकवणी सोडायची असं ठरवून गेले होते. जयंती झाली, काम झालं, आणि कुणासाठी शिकायचं आता. लालसिंगनं पाणी दिलं. म्हणाला, "शिस्टर, ते वहीतलं मले पुरं सांगा. मी पंधरा दिवसांपासून वाजवून पाहून राह्यलो. ते अर्धं आहे. जलद होते, दोन हात एकदम पडतात, तिथून ते उलटते. पुढचं पाह्यजे."

मी वही काढली. पानं उलटली. एकोणतीस जानेवारी, त्यात जलद होतं ते. त्यापुढे आठवडाभर मी कंटाळून "तेच" एवढंच लिहिलं आहे. ते तेच होतं का, मी पाहिलं होतं का नीट, आता आठवत नाही. त्यानंतर सोळा फेब्रुवारी, एक मिनिट, फक्त उजवा. मग शून्य. शून्य. शून्य. पानभर, माझ्या चांगल्या अक्षरात.

"नाही पुढं," मी म्हटलं.

लालसिंगनं वही आपल्या चांगल्या डोळ्याजवळ नेली. शून्यांवरून बोट फिरवलं. त्याला वाचता येतं की नाही मला माहीत नाही. वही परत देताना म्हणाला, "तं मंग जेवढं आहे तेवढं तरी शिकून घ्या. बुधवारी येता ना?"

"येतो," मी म्हटलं.

घरी आले. बाबांची खाट अजून उचललेली नाही. तिच्यावर बसले, डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरला.

नोंद: संध्याकाळी ५.४०. चार मिनिटं. उजवा तीन, डावा दोन, थांबा. उजवा एक, डावा दोन, थांबा. मग जलद. दोन्ही एकदम, एकच. पुढचं येत नाही. हात माझे.